वासे मोजून घर घ्यावें

‘खाल्ल्या घरचे वासे मोजूं नयेत’ अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे, आणि ती योग्यच आहे. ज्यानें जेवूं घातलें, त्याच्या घरांतलें उणें शोधीत बसणें हा कृतघ्नपणा होय. परंतु या शिकवणीचा आपल्या मनावर इतका पगडा बसलेला दिसतो कीं, जें घर आपण पदरचे पैसे मोजून विकत घ्यावयास निघालों, त्याचेही वासे मोजण्याचा आपल्याला संकोच वाटतो. बाजारांत नारळ घेतांना आपण तो कानाशीं हलवून पाहतों. मडकें घेतांना त्यावर टिचकी मारून पाहतों. आणि जन्माची पुंजी ज्यांत घालावयाची, तें घर मात्र ओसरीवर बसून, चहा घेऊन, ‘छान आहे हो’ असें म्हणून पसंत करतों.

घर घेण्यापूर्वीं तें तपासून पाहण्याची चाल मनुष्यजातींत कशी आली आणि आज ती कोठवर पोंचली आहे, याचा थोडासा इतिहास मी आज आपणांपुढें ठेवणार आहें. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. पण या विषयाची फी मीं स्वतः भरलेली आहे, आणि म्हणून त्यावर चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असें समजतों. ती फी कशी भरली, तें आधीं सांगतों.

१९९१ सालच्या मार्गशीर्षांत मीं कृष्णाकांठच्या एका गांवीं जुनें दुमजली कौलारू घर विकत घेतलें. फंडांतून उचललेली रक्कम, पतपेढीचें कर्ज आणि वडिलांनीं मागें ठेवलेलें थोडेंसें, असें मिळून पैसे उभे केले. घर पाहावयास जातांना मीं तीन माणसें बरोबर नेलीं. वकील नेले, त्यांनीं तीस वर्षांचे दस्तऐवज तपासून मालकी निर्वेध असल्याचें सांगितलें. जोशीबुवा नेले, त्यांनीं दाराची दिशा पाहिली व दिवस काढून दिला. मेहुणे नेले, त्यांनीं घासाघीस करून किंमत उतरविली. भिंतींना नवा गिलावा होता, खांबांना तेलरंग होता, दुपारचें कोंवळें ऊन अंगणांत पडलें होतें. सर्व कांहीं पाहिलें. गवंडी मात्र कोणी नेला नाहीं, सुतारही नेला नाहीं.

ज्येष्ठाच्या अखेरीस पावसानें जोर धरला. चौथ्या दिवशीं मागच्या भिंतीवर ओला पट्टा उमटला. आठव्या दिवशीं नव्या गिलाव्याचे पोपडे गळून पडले, आणि त्यांच्यामागें वरपासून खालपर्यंत गेलेली, मातीनें बुजविलेली भेग दिसूं लागली. गवंड्यास बोलाविलें. त्यानें ओळंबा लावला, तों भिंतीला पोट सुटलेलें. ओसरीच्या खांबाच्या बुडाशीं त्यानें थापीचा दांडा आपटला, तों आवाज पोकळ आला. वाळवीनें खाल्लेल्या जागीं चुना आणि भुसा भरून वरून रंग दिलेला होता. तो म्हणाला, “मास्तर, ही भेग भूकंपाची. सदुसष्ट सालची.” ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेचा जो भूकंप झाला, त्याची ती भेग! चोवीस वर्षें ती त्या भिंतींत बसून होती, आणि माझे पैसे मोजून झाल्यावर सहा महिन्यांनीं तिनें मला दर्शन दिलें.

मी तडक विकणाऱ्या बाईंकडे गेलों. त्या वृद्ध विधवा होत्या, त्याच गांवीं मुलाकडे राहत होत्या. माझें बोलणें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि म्हणाल्या, “मास्तर, मी लपवलं काय? साऱ्या आळीला ठाऊक आहे ती भेग. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.”

मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं परत येतांना समोरच्या शेजाऱ्यांस विचारलें, तर ते म्हणाले, “आम्हांला वाटलं, तुम्हांला माहीत असेल. म्हणूनच तर एवढ्या कमी किमतींत मिळालं!” त्या किमतीबद्दल मी आणि माझे मेहुणे सहा महिने स्वतःची पाठ थोपटून घेत होतों.

ती भिंत उतरवून नवी बांधावी लागली. त्यापायीं माझ्या पत्नीच्या पाटल्या गेल्या. त्याविषयीं ती एक शब्द बोलली नाहीं, हें मला अधिक लागलें. पण त्या बाईंचें वाक्य माझ्या मनांतून जाईना. न विचारतां दोष सांगणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य, कीं विचारून व तपासून घेणें हें घेणाऱ्याचें? हा प्रश्न माझ्यापुरता नवा होता. पुस्तकें चाळूं लागलों तेव्हां कळलें कीं, तो निदान पावणेचार हजार वर्षांचा जुना आहे.

१९०१-०२ च्या हिवाळ्यांत इराणांतील सूसा येथें फ्रेंच उत्खननकारांस एक काळा शिलास्तंभ सांपडला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें इसवी सनापूर्वीं सुमारें १७५० च्या सुमारास त्यावर आपले कायदे कोरविले होते. त्यांतील २२८ ते २३३ हीं कलमें घर बांधणाराविषयीं आहेत. आधीं त्याची मजुरी ठरविली आहे: दर सार क्षेत्रामागें दोन शेकेल चांदी. मग त्याची जबाबदारी सांगितली आहे. घर कोसळून धनी मेला, तर बांधणाऱ्यास देहान्त शासन. धन्याचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलास देहान्त. सामान नासलें तर त्याची भरपाई, आणि घर पुन्हां स्वखर्चानें बांधून द्यावें. नुसती भिंत कलली तरी ती त्यानें आपल्या पैशानें मजबूत करावी.

बापाच्या चुकीसाठीं निरपराध मुलास मारणारा हा न्याय आपल्या अंगावर कांटा आणतो. तथापि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. घराचा दोष बाहेरून दिसत नाहीं, तो बांधणाऱ्यासच ठाऊक असतो, हें त्या राजानें ओळखलें होतें. म्हणून त्यानें धन्यास ‘नीट पाहून घे’ असें सांगितलें नाहीं, तर बांधणाऱ्यास धाक घातला. परंतु धाकाची मर्यादा उघड आहे. शिक्षा होते ती घर पडल्यावर, आणि ज्याच्या अंगावर घर पडलें, त्यास त्या शिक्षेचा उपयोग कोणता?

आतां आपल्या देशाकडे वळूं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराचा ‘बृहत्संहिता’ हा ग्रंथ आपण ज्योतिषाचा म्हणून ओळखतों. त्याच्या वास्तुविद्येच्या अध्यायांत शुभाशुभाचा विस्तार पुष्कळ आहे. पण त्यांतच जमिनीच्या दोन परीक्षा सांगितल्या आहेत, त्या कोणत्याही गवंड्यास पटाव्या अशा आहेत. पहिली अशी: हातभर खोल खड्डा खणावा, आणि निघालेली माती पुन्हां त्यांतच भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी अशी: खड्डा पाण्यानें भरावा, शंभर पावलें चालून परत यावें; पाणी कमी झालें नसेल तर जमीन चांगली.

याचा अर्थ सरळ आहे. जी जमीन मुळांत घट्ट दबलेली असते, तिची माती मोकळी झाली कीं फुगते आणि खड्ड्यांत मावत नाहीं. जी भुसभुशीत असते, किंवा कोणीं भर घालून केलेली असते, तिची माती खड्ड्यास पुरत नाहीं, आणि पाणीही ती चटकन् पिऊन टाकते. अशा जमिनीवर पाया खचतो. आपण वास्तुशास्त्राच्या नांवाखालीं दाराच्या दिशेची चिंता करीत बसतों, आणि त्याच शास्त्रानें सांगितलेला खड्डा मात्र खणीत नाहीं. माझ्या जोशीबुवांनींही तो खणला नव्हता, आणि मीं खणावयास सांगितलेंही नव्हतें.

याज्ञवल्क्यस्मृतींत विकत घेतलेल्या मालाच्या परीक्षेची मुदत दिलेली आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. मुदतींचा हिशेब मोठा शहाणपणाचा आहे. बीं रुजतें कीं नाहीं हें कळावयास दहा दिवस लागतात. गाय दूध किती देते हें तीन दिवसांत कळतें. त्या यादींत घराचें नांव नाहीं. असतें, तर त्याची मुदत एका पावसाळ्याहून कमी ठेवतां आली नसती, असें मला वाटतें. मार्गशीर्षांत घर पाहणें म्हणजे आटलेली गाय कासेवरून पारखणें होय.

कौटिल्याचा मार्ग याहून निराळा आहे. त्याचें ‘अर्थशास्त्र’ शतकानुशतकें दृष्टीआड झालें होतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं तें छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत घर, शेत, बाग, तळें यांची विक्री कशी व्हावी हें सांगितलें आहे. आधीं नातेवाईक, मग शेजारी, मग धनको, या क्रमानें विकत घेण्याचा हक्क. विक्री चोरून करावयाची नाहीं. शेजारच्या कुटुंबांना बोलावून, त्यांच्यादेखत, घरासमोर उभें राहून मिळकतीच्या सीमा व किंमत पुकारावयाची. तीन वेळां पुकारा होऊन कोणी हरकत घेतली नाहीं, तर मग घेणाऱ्यानें घ्यावें. चढाओढीनें किंमत वाढली, तर ती वाढ राजाच्या खजिन्यांत जमा.

या पुकाऱ्याचा हेतु मालकीचे तंटे मिटविण्याचा होता, हें खरें. पण मला त्यांत आणखी एक फायदा दिसतो. शेजारी समोर उभे असतांना घराची वानवा लपविणें अवघड जातें. माझ्या घराच्या विक्रीचा पुकारा आळींत झाला असता, तर त्या भेगेची गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघालीच असती. दस्तऐवज रजिस्टर कचेरींत झाला. तेथें शाई होती, शिक्के होते, साक्षीदार होते. फक्त शेजारी नव्हते.

शेजाऱ्याचें महत्त्व सांगणारी एक सुरस कथा रोमन लोकांत होती. सिसेरो या वक्त्यानें इसवी सनापूर्वीं ४४ सालीं अथेन्स येथें शिकत असलेल्या आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यांत ती आली आहे. कॅनियस नांवाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठीं सिराक्यूज येथें गेला, व समुद्रकांठीं एखादी बाग विकत घ्यावी असें बोलूं लागला. पिथियस नांवाच्या तेथील सराफानें त्यास आपल्या बागेंत जेवावयास बोलाविलें, आणि गांवच्या कोळ्यांस आदल्या दिवशीं सांगून ठेविलें कीं, उद्यां माझ्या बागेसमोर मासे धरा. पाहुणा येतो तों समोर होड्यांची ही गर्दी, आणि प्रत्येक कोळी आपले मासे आणून यजमानाच्या पायाशीं टाकतो आहे! कॅनियसानें विचारलें, हें काय? यजमान म्हणाला, यांत नवल तें काय? गांवचे मासे येथेंच मिळतात. या जागेवांचून या लोकांचें चालावयाचें नाहीं. कॅनियस हरखला, आणि सांगितलेली किंमत देऊन त्यानें बाग सामानसुमानासकट घेतली. दुसऱ्या दिवशीं मित्रांस बोलाविलें, तों समुद्रावर एक वल्हें दिसेना. त्यानें शेजाऱ्यास विचारलें, आज कोळ्यांचा सण आहे काय? शेजारी उत्तरला, माझ्या माहितींत तरी नाहीं. येथें कोणी मासे धरीतच नाहीं. काल काय झालें, याचेंच मी नवल करीत होतों.

श्रोतेहो, कॅनियस आंधळा नव्हता. त्यानें जागा डोळ्यांनीं पाहिली. पण दाखविणाऱ्यानें जें दाखविलें, जेव्हां दाखविलें, तेवढेंच पाहिलें. शेजाऱ्याशीं तो बोलला खरा, पण पैसे दिल्यानंतर. मीही तेंच केलें होतें. दोन हजार वर्षांत गिऱ्हाईक फारसें सुधारलेलें नाहीं.

त्याच ग्रंथांत सिसेरोनें दोन ग्रीक तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे, आणि तो वाचून मी थक्क झालों. एखादा भला माणूस घर विकतो आहे. घराचें लाकूड कुजकें आहे, खोल्यांतून साप निघतात, पण हें धन्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें तें न सांगतां विकलें, तर तें अन्यायाचें कीं नाहीं? बाबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायद्यानें जेवढें सांगावयास लावलें तेवढें सांगावें, खोटें बोलूं नये. पण न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें जसें पाप, तसेंच हें. किंबहुना त्याहून वाईट, कारण येथें आपण जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेनें जाऊं देतों. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूनें आहे. त्यानें एक निवाडाही दिला आहे. रोमच्या सीलियन टेंकडीवरील एका घराचा उंच भाग शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीआड येत होता, म्हणून त्यांनीं तो पाडण्याचा हुकूम दिला. धन्यानें तो हुकूम न सांगतां घर विकलें. घेणाऱ्यास घराचा भाग पाडावा लागला. पंच म्हणून बसलेल्या मार्कस केटो यानें निकाल दिला कीं, ज्याला विकतांना ठाऊक होतें आणि ज्यानें सांगितलें नाहीं, त्यानें नुकसान भरून द्यावें.

म्हणजे कृष्णाकांठच्या त्या वृद्ध बाई आणि मी जो वाद घालीत होतों, तोच वाद गुरुशिष्यांनीं घातला होता! बाई डायोजिनिसच्या पक्षाच्या होत्या, एवढेंच.

इंग्लंडांत पुढें ‘घेणाऱ्यानें सावध राहावें’ या अर्थाचें लॅटिन सूत्र प्रबळ झालें, आणि न विचारलेला दोष सांगण्याचें बंधन घर विकणाऱ्यावर सामान्यतः राहिलें नाहीं. आपल्याकडे इंग्रजी अमदानींत झालेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मात्र या बाबतींत अधिक न्यायी आहे. मुंबई इलाख्यास तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला, आणि आजही तो चालू आहे. त्याचें ५५ वें कलम सांगतें कीं, मिळकतींत अथवा मालकींत जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्यास कळला नसता, तो विकणाऱ्यानें उघड केलाच पाहिजे.

हें कलम घेऊन मी आमच्या वकिलांकडे गेलों. ते म्हणाले, “बाईंना ठाऊक होतें, हें खरें. तुम्हांस ठाऊक नव्हतें, हेंही खरें. पण मास्तर, साधारण काळजी म्हणजे काय? एक गवंडी बरोबर नेला असता तर कळलें असतें ना?” मी गप्प बसलों. कायद्यानें अर्धें ओझें विकणाऱ्याच्या शिरावर दिलें आहे आणि अर्धें माझ्या. माझें अर्धें मीं उचललें नव्हतें. मग दुसऱ्याच्या अर्ध्यासाठीं कोणत्या तोंडानें भांडावें? फिर्याद केली नाहीं.

हें ‘साधारण काळजी’चें कोडें जगांत इतरत्र कसें सोडविलें गेलें, तें आतां थोडक्यांत सांगतों. सामान्य माणसास घराची पारख नसते, म्हणून पारखीचाच धंदा करणारा तिसरा माणूस पुढें आला. लंडनमध्यें १८६८ सालीं सर्व्हेअर लोकांची संस्था स्थापन झाली. अमेरिकेंत घरें तपासणाऱ्यांनीं १९७६ सालीं आपली राष्ट्रीय संस्था काढली. पण पारखी नेमला म्हणजे काम संपलें असें नाहीं, हें दोन खटल्यांनीं दाखविलें.

पहिला कॅलिफोर्नियाचा, १९८४ सालचा. एक बंगला विकला गेला, आणि थोड्याच काळांत त्याखालची जमीन सरकून घराचें अतोनात नुकसान झालें. घर नीट न दाबलेल्या भरावावर बांधलेलें होतें. मध्यस्थी करणाऱ्या दलालांनीं उतारावर माती धरून ठेवण्यासाठीं घातलेलें जाळें पाहिलें होतें, एके ठिकाणीं जमीन असमान झालेली पाहिली होती. पण ना त्यांनीं मातीची परीक्षा करविली, ना घेणाऱ्यास सांगितलें. न्यायालयानें ठरविलें कीं, घर स्वतः नीट तपासून दोष सांगणें हें दलालाचें कर्तव्य आहे. लगेच पुढच्या वर्षीं तेथील विधिमंडळानें तसा कायदाही केला. वराहमिहिराचा हातभर खड्डा कोणीं खणला असता, तर कदाचित् हा खटला उभाच राहिला नसता.

दुसरा इंग्लंडचा. नॉर्विच येथें एका बाईनें १९८० सालीं कर्ज काढून साधें घर घेतलें. कर्ज देणाऱ्या संस्थेनें सर्व्हेअर पाठविला, त्याची फी बाईनेंच भरली. आंतल्या धुराड्याचा खालचा भाग कोणीं तरी पूर्वीं काढून टाकला होता. सर्व्हेअरनें तें पाहिलें, परंतु वरच्या धुराड्याला आधार उरला आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं, आणि मोठी दुरुस्ती नको असें लिहून दिलें. दीड वर्षानें धुराडें ढांसळून विटा छपरांतून माळ्यावर व निजावयाच्या खोलींत आल्या. १९८९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, सर्व्हेअरला संस्थेनें नेमलें असलें तरी त्याच्या शब्दावर घर घेणारी बाई विसंबणार हें त्यास ठाऊक होतें. म्हणून तिच्याही नुकसानीस तो जबाबदार आहे. या खटल्यांत शिकण्यासारखें हें कीं, खालचें काढलेलें दिसलें तर वरचें कशावर उभें आहे हें विचारावें.

आणि आतां आपल्याच महाराष्ट्रांतील एक दुःखद प्रसंग. माझी नवी भिंत १९९२ च्या दिवाळीपूर्वीं उभी राहिली. तिला लागूनच माझ्या दोन मुलींचें अंथरूण असे. पुढच्याच वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहांटे, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. हजारों माणसें झोपेंतच गेलीं. त्यांतील पुष्कळ घरांच्या भिंती दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंदीच्या होत्या, आणि रुंदी म्हणजे बळकटी असें समजून लोक त्यांच्या आश्रयानें पिढ्यान् पिढ्या निजत आले होते. पण दगड मातीच्या चिखलांत रचलेले होते. भिंतीचें आंतलें अंग वेगळें, बाहेरचें वेगळें, मध्यें भर. दोन्ही अंगांना सांधणारा आरपार दगड नाहीं. धरणी हालली तशीं तीं दोन अंगें एकमेकांपासून सुटलीं, आणि वरचें मातीचें जड माळवद खालीं आलें.

वर्तमानपत्रांतील तें वर्णन वाचतांना माझा हात थरथरूं लागला. माझी जुनी भिंत उतरवितांना गवंड्यानें मला हेंच दाखविलें होतें: आंतलें अंग वेगळें, बाहेरचें वेगळें. त्या दिवशीं पाटल्या गेल्याचें दुःख संपलें. किल्लारीच्या लोकांनीं घरें विकत घेतलीं नव्हतीं, वाडवडिलांचींच होतीं. त्यांस दोष देणें अमानुषपणाचें होईल. पण घराची तपासणी ही पैसे वांचविण्याची युक्ति नव्हे, हें मला त्या दिवशीं समजलें.

त्यानंतर कायदाही पुढें गेला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यानें तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञाकडून तपासणी करून दाखला देणें आवश्यक केलें आहे. नव्या बांधकामांसाठीं २०१६ चा स्थावर संपदेचा कायदा आला, त्यास लोक ‘रेरा’ म्हणतात. ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधणींतील दोष निदर्शनास आला, तर बांधणाऱ्यानें तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यावा, असें त्यांत आहे. हम्मुराबीचें भिंतीचें कलम देहान्त शासन वगळून पुन्हां जिवंत झालें म्हणा ना! परंतु जुनें घर एका गृहस्थानें दुसऱ्या गृहस्थास विकलें, तर या कायद्याचा आधार मिळत नाहीं. तेथें अजून ते १८८२ चें ५५ वें कलम, आणि आपली ‘साधारण काळजी’ एवढेंच.

ती काळजी कशी घ्यावी, हें अनुभवानें सांगतों. घर पाहावयाचें तें एकदां भर पावसांत पाहावें. वकिलांबरोबर गवंडी, सुतार, आणि ऐपत असेल तर इंजिनियर न्यावा, व त्याची फी आपणच द्यावी, म्हणजे तो आपला राहील. नवा रंग दिसला तर तो कशासाठीं दिला, हें विचारावें. कपाट भिंतीपासून सरकवून पाहावें. खांबाच्या बुडाशीं टोंचून पाहावें. माळ्यावर चढून वासे खरोखरच मोजावे, आणि त्यांवरचे पाण्याचे डाग पाहावे. विकणाऱ्यास सरळ विचारावें, ‘या घरांत काय दोष आहे?’ आणि पैसे देण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या ओसरीवर घटकाभर बसावें.

एक गोष्ट राहिली. निवृत्त झाल्यावर मुलींच्या जवळ राहावें म्हणून मीं तें घर विकावयास काढलें. पहिलें गिऱ्हाईक आलें. तेही मास्तरच होते. घर पाहून ‘छान आहे हो’ म्हणाले. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. माझ्या मनांत आलें कीं, मागची भिंत नवी आहे, खांब नवे आहेत. आतां सांगण्यासारखें उरलें आहे काय? पण माजघराची भिंत अजून जुनीच होती, आणि तिच्यांतले दगड कसे रचले आहेत हें कोणीं पाहिलेलें नव्हतें. मीं त्यांस माजघरांत नेलें आणि न विचारतां सर्व सांगितलें. ते पुन्हां आले नाहींत. घर विकावयास आणखी आठ महिने लागले, आणि मनांत धरलेल्या किमतीहून कमी पैसे आले. घेणाऱ्यानें तो फरक त्या भिंतीसाठीं ठेविला.

व्यवहारी लोकांनीं मला वेड्यांत काढलें. पत्नीला मात्र आनंद झाला. ती म्हणाली, “पाटल्या आज फिटल्या.”

खाल्ल्या घरचे वासे मोजूं नयेत, हें खरेंच आहे. पण जें घर घ्यावयाचें त्याचे वासे अवश्य मोजावे. आणि जें द्यावयाचें त्याचे आपणच मोजून दाखवावे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.